मागील बाकी

मामा : येत्या १ एप्रिलपासून दुकानाची उधारी वहीत लिहायची नाही, सगळी संगणकावर घ्यायची, असं मी ठरवलंय. चाळीस वर्षं लिहिली, पुरे झालं. वडवणीत कृषी सेवा केंद्र चालवायचं म्हणजे नुसतं खत-बियाणं विकणं नसतं, आठ-आठ महिने उधारी सांभाळावी लागते. मृगाच्या आधी चिंचवण, उपळी, देवडीकडची माणसं कापसाचं बियाणं उचलतात. मग डीएपी, मग युरिया, आणि बोंडअळी दिसली की फवारणीचं औषध. पैसा येतो कापूस वेचून विकल्यावर, आणि पाऊस फिरला तर पुढच्या वर्षी. एकेका खात्यावर हंगामात पंधरा-वीस कलमं पडतात. दिवसा रोजकीर्दीत लिहायचं, रात्री दुकान बंद करून खतावणीत उतरवायचं. एका रात्री उतरवायचं राहिलं की सकाळी गोणी कुणाची होती ते आठवत नाही. त्यात दोन वर्षांपूर्वी माळ्यावरच्या वह्यांना वाळवी लागली. तीन सालांच्या खतावण्या मी हातात घेतल्या आणि त्यांचा भुसा माझ्या पायांवर पडला. गोदामात माल दिसतो, पण माझी खरी कमाई कागदावर होती, हे मला त्या दिवशी कळलं.

भाचा : मामा, मी पुण्यात हेच काम करतो. दुकानांचे हिशेब वहीतून काढून संगणकात भरून देतो, आणि म्हणूनच तुम्हाला जरा थांबा म्हणतोय. वहीची वाळवी डोळ्यांना दिसते. तुमची चालू खतावणी उघडा. लाल कापडाची बांधणी, वर ‘श्री’, खाली ‘मागील बाकी’, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. एखाद्या आकड्यावर तुम्ही रेघ मारली, तर रेघेखाली जुना आकडा वाचता येतो. शाई बदलली तर कळतं. पान काढलं तर शिवण सैल पडते आणि पुढच्या पानाचा क्रमांक चुगली करतो. संगणकात मागच्या जूनची नोंद आज उघडून तीन गोण्यांच्या चार केल्या, तर पहिल्यापासूनच चार होत्या असं दिसतं. बदलाची खूण ठेवणारी सोय असते, नाही असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ती बंद ठेवता येत नाही, तसा नियमच झाला आहे. पण तुमचं दुकान कंपनी नाही. एकट्या मालकाला तो नियम लागू नाही. दुकानदारांच्या टेबलावर मी ती सोय बहुतेक वेळा बंदच पाहिली आहे, कारण चूक दुरुस्त केल्याचं कुणाला दिसू नये असं प्रत्येकाला वाटतं.

मामा : तुझी खाडाखोड दिसते, पण कुणाला? वही गल्ल्याखाली, किल्ली माझ्या करदोट्याला. ज्याच्या नावावर बाकी आहे त्यानं ते पान जन्मात उघडलेलं नाही. मी सांगेन तो आकडा तो ऐकतो, मान हलवतो आणि जातो. तुम्ही शिकलेली माणसं वहीच्या खरेपणाचं कौतुक करता, पण या मुलखात वहीनं काय केलंय ते विसरता. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा राग कशावर होता? रोख्यांवर, खतांवर. कागद हातात आला की प्रकरण मिटायचं, पुष्कळ ठिकाणी माणसाला हातही लावला नाही. अडाणी माणसांना नेमकं कळलं होतं की आपली मानगूट त्या कागदात आहे. चार वर्षांनी, १८७९ साली, इंग्रजांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात शेतकऱ्याला पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब लिहून घेण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क दिला. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाकडे होता, त्यामुळे तो कायदाही आपल्या वाट्याला आला नाही. जे पासबुक आपल्या आज्यांना मिळालं नाही, ते आज मी फुकट देऊ शकतो. मी इथं नोंद केली की त्याच क्षणी त्याच्या मोबाईलवर मेसेज. दोन गोण्या डीएपी, दोन हजार सातशे रुपये, एकूण बाकी इतकी. वही माझ्याकडे आणि त्याच्याकडेही. यापेक्षा मोठी सुधारणा कुठली ते सांग.

भाचा : हे तुमचं सगळ्यात बळकट म्हणणं आहे, आणि मला ते मनापासून आवडलं. पण मेसेज म्हणजे पासबुक नव्हे. पासबुकात दोघांसमोर नोंद व्हायची. मेसेजचं बोलणं एकतर्फी. ‘नाही शेठ, मी दोनच नेल्या होत्या’ हे लिहायला त्यात जागा कुठे आहे? आणि तो मेसेज जातो कुणाला? तुमच्या गिऱ्हाइकातल्या निम्म्यांचे नंबर पोराच्या नावावर आहेत आणि पोरगं चाकणला. दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातली किती घरं कुलूप लावून ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. तिकडे उसाच्या फडात सिम बदलतं, रिचार्ज संपतो, सहा महिने फोन बंद राहतो. परत आल्यावर तुमचं पटलावरचं म्हणणं आणि त्याचं तोंडचं म्हणणं, यात तुमचं जड ठरणार, कारण तुमच्याकडे तारीख आणि वेळ सेकंदासकट छापलेली असेल. वहीत तुम्हालाही थोडी शंका यायची. ‘असेल बाबा, माझं लिहायचं चुकलं असेल’ असं तुम्ही म्हणायचात. छापील आकड्यापुढे तसं म्हणायला जीभ वळत नाही.

मामा : कोयत्याचा विषय तूच काढलास ते बरं झालं. तिथं वहीनं काय होतं ते बघ. हंगामाआधी मुकादम जोडप्याला उचल देतो. ती लिहिली जाते मुकादमाच्या वहीत. पट्टीला किती टन झाला, मधे खर्चीला किती दिले, आजारपणात किती दिले, सगळं त्याच वहीत. हंगाम संपला की मुकादम वही उघडतो आणि सांगतो, उचल फिटली नाही, अमुक इतके अंगावर राहिले. ते फेडायला पुढच्या वर्षी त्याच टोळीत. नवरा-बायको दोघांनी पहाटेपासून ऊस तोडायचा आणि आकडा तिसऱ्याच्या खिशात. कारखान्याच्या काट्यावर गाडीचं वजन संगणकावर होतं, छापील पावती निघते. म्हणजे उसाचा हिशेब डिजिटल झाला आणि तो तोडणाऱ्याचा राहिला मुकादमाच्या खिशातल्या वहीत. तिथं वही बरी, असं तू म्हणशील?

भाचा : नाही म्हणणार. तिथं आधी मजुराच्या हातात प्रत पाहिजे, मग ती कागदाची असो की मोबाईलची. पण मुकादमानं उद्या तीच वही ॲपमध्ये घातली तर काय होईल ते पाहा. गेल्या पाच वर्षांची फिरलेली बाकी एका बोटात दिसेल. पळून दुसऱ्या टोळीत गेला तर त्याचा फोटो आणि आधार नंबर पुढच्या मुकादमाकडे काही क्षणांत जाईल. आकडा खोटा असला तर तो आता जास्त नीटनेटका खोटा होईल. संगणकानं नोंद खरी होत नाही, तिची ताकद वाढते. आपल्याच जिल्ह्यात पीकविम्याचं काय झालं? सगळे अर्ज ऑनलाइन, सातबारा जोडलेला. तरी ज्या जमिनीवर पीकच नव्हतं, जी जमीन अर्जदाराची नव्हती, तिचे विमे भरले गेले आणि ते प्रकरण विधानसभेत गाजलं. कागदावर एवढा खोटेपणा करायला किती हात लागले असते?

मामा : आणि ते पकडलं कशानं? संगणकानंच ना? एका गटावर किती क्षेत्राचा विमा उतरवलाय, हे ताडून बघता आलं म्हणून. कागदाच्या गठ्ठ्यात ते कुजून गेलं असतं. बरं, तू वहीवाल्यांचा वकील झालाच आहेस तर मी तुला एक कबुली देतो. माझं अर्धं दुकान कधीच संगणकावर गेलंय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून खरेदी-विक्रीची बिलं संगणकावर. २०१८ पासून रासायनिक खत मशीनवर आधार आणि अंगठा घेतल्याशिवाय विकता येत नाही, कारण त्या नोंदीवर कंपनीला सरकारकडून अनुदान मिळतं. म्हणजे सरकारला जे दाखवायचं ते संगणकात, कंपनीला जे पाहिजे ते संगणकात. कागदावर उरलं काय? फक्त शेतकऱ्याचं आणि माझं. हे मला टोचतं. ज्यांच्याकडे ताकद आहे त्यांचा हिशेब चोख आणि गरिबाचा पिवळ्या कागदावर, असं का?

भाचा : मशीनचं नाव काढलंत म्हणून विचारतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर दुकानापुढे रांग लागते तेव्हा खरोखर काय होतं? मी लहानपणापासून उन्हाळी सुट्टीत तुमच्या काउंटरवर उभा राहिलोय.

मामा : काय होतं, ते सांगतो, त्यात लपवायचं काय. नेट जातं. नेट आलं तर अंगठा उमटत नाही. कोयता आणि खुरपं धरून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना मशीन ओळखत नाही. एक म्हातारी होती. तिनं बोट पदराला पुसलं, मग ओलं करून पुसलं, मग दुसऱ्या हाताचं लावलं. प्रत्येक वेळी मशीन तांबडं. शेवटी ती मला म्हणाली, ‘मी मीच हाय की रं.’ मागं पन्नास माणसं, वर आभाळ भरलेलं, वापसा आलाय. मी तिला गोणी दिली आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या अंगठ्यावर चढवली. त्याशिवाय मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा जुळत नाही, आणि तपासणीत तफावत निघाली तर परवाना जातो.

भाचा : म्हणजे सरकारच्या हिशेबात ती गोणी त्या दुसऱ्या माणसाच्या शेतात पडली. आणि खरी नोंद कुठे झाली?

मामा : वहीत. तिच्या खात्यावर.

भाचा : मला एवढंच दाखवायचं होतं. तुमची वही ही मशीनची गरीब बहीण नाही. मशीननं ज्याला ओळखलं नाही त्याची नोंद तिनं ठेवली. १ एप्रिलला ती बंद झाल्यावर अशी गोणी कुठे लिहाल?

मामा : तिच्याच नावावर, उधारीच्या ॲपमध्ये. ते काही अंगठा मागत नाही. तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोयस. मशीन मला वरून दिलंय, ॲप मी माझ्या मर्जीनं घेतोय. वरून आलेलं साधन माझ्या सोयीनं वाकत नाही म्हणून मी माझं साधनच घेऊ नये काय? आणि फायदा तर बघ. बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला गेलो की ते येणेकऱ्यांची यादी मागतात. माझी येणी वहीत असल्यानं ती यादी करायला आठ दिवस लागतात, आणि साहेब तिच्यावर विश्वास ठेवत नाही. मग हंगामात माल उचलायला मी बाहेरून शेकडा दोननं पैसे घेतो. महिन्याला दोन. ते व्याज शेवटी कुणाच्या गोणीवर चढतं? येणी स्वच्छ दिसली तर मला स्वस्तात भांडवल मिळेल आणि त्याला स्वस्तात खत.

भाचा : हे मला पटतं, आणि पटून भीतीही वाटते. आजवर त्याची उधारी ही तुमच्या-त्याच्यातली गोष्ट होती. उद्या ती बँकेपुढे ठेवायची यादी होईल, आणि ॲप फुकट असेल तर ॲपवाल्याच्या कामाचीही. तुमचा शेतकरी फोनवरून पैसे पाठवायला का कचरतो? त्याला फोन वापरता येतो. पण पीककर्ज थकलं की बँक खात्याला होल्ड लावते, अनुदान आलं तरी काढता येत नाही, हे त्यानं भोगलंय. म्हणून तो कापसाचे पैसे रोख मागतो आणि चार पैसे कमी घेतो. डिजिटलला विरोध म्हणून नव्हे, आपला पैसा आपल्या हातात राहावा म्हणून.

मामा : तो दुसरी बाजूही जाणतो. जिल्ह्यातल्या मोठमोठ्या पतसंस्था बुडाल्या, तेव्हा लोक काय घेऊन पोलीस ठाण्यासमोर उभे होते? ठेवीच्या पावत्या. कागदावरचा शिक्का. तो घट्ट धरून ठेवला तरी पैसा परत आला नाही. कागद हातात असणं म्हणजे पैसा हातात असणं नव्हे, हे आता इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

भाचा : पण तक्रार तरी नोंदवता आली. कोर्टाचं पाहू. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात सांगितलं होतं की नियमित ठेवलेल्या वहीतली नोंद पुरावा म्हणून चालते, पण नुसत्या नोंदीवरून कुणाला देणेकरी ठरवता येत नाही. २००० साली संगणकातल्या वह्याही त्याच ओळीत आल्या. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही तेच तत्त्व. १९९८ साली हवाला डायऱ्यांच्या खटल्यात सुट्या कागदांना सर्वोच्च न्यायालयानं हिशेबाची वही मानलंच नाही. म्हणजे वही असो की संगणक, नोंदीबाहेरचं काहीतरी लागतं. तुमच्या वहीत ते होतं. दिवाळीत माणूस यायचा, तुम्ही बाकी वाचायचात, तो ‘बाकी कबूल’ खाली सही किंवा अंगठा करायचा. उधारीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आत केलेल्या त्या सहीनं मुदत नव्यानं सुरू व्हायची. ॲपमध्ये त्या सहीच्या जागी काय ठेवणार? संगणकातली नोंद कोर्टात न्यायची तर प्रमाणपत्र लागतं, त्यातला एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. सात हजारांच्या बाकीसाठी हे कोण करेल?

मामा : कोर्टात मी चाळीस वर्षांत एकदाही गेलो नाही, आणि जाणारही नाही. पण तू सहीचं बोललास ते खरं आहे. सही मुदतीसाठी नव्हती. त्या निमित्तानं माणूस समोर बसायचा, चहा व्हायचा, एखादं कलम त्याला आठवत नसलं की दोघं मिळून आठवायचो, ‘अरे, त्या दिवशी तुझा मेव्हणा आला होता बघ.’ म्हणून मी एक ठरवलंय. २०१७ साली सातबारे संगणकावर घेताना सरकारनं गावोगाव चावडी वाचन केलं, आठवतं? उतारे छापले, चावडीवर मोठ्यानं वाचले, ज्याचं चुकलं त्यानं सांगायचं. मी तसंच करणार. गावागावात जाऊन प्रत्येकाला त्याचं खातं वाचून दाखवणार, त्यानं हो म्हटलं तरच आकडा संगणकात.

भाचा : चावडी वाचन झाल्यावरही चुका राहिल्याच, आणि कुणाचं नाव, कुणाचं क्षेत्र दुरुस्त करायला लोक आजही जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ चे अर्ज घेऊन तहसीलला येतात. पण वाचून दाखवायची कल्पना मोडू नका, सगळ्या योजनेत तीच खरी आहे. फक्त ती चावडीवर करू नका. जमीन सगळ्यांना दिसते, उधारी नाही. कुणाची बाकी किती, हे भावकीत कळलं तर पोरीची सोयरीक मोडते. घरी जा, ओसरीवर बसा, एकेकाशी बोला. सहाशे खाती आहेत. रोज पाच केली तरी चार महिने लागतील.

मामा : लागू देत. मार्चपर्यंत होतंय.

भाचा : मग आता माझी शेवटची शंका. तांत्रिक आहे, पण मला झोपू देत नाही. नवं खातं उघडताना संगणक पहिला प्रश्न विचारतो : मागील बाकी किती? तिथं आकडा घालावाच लागतो, किंवा शून्य. तुमच्या वहीत मधलं काहीतरी असतं. परवा मी एक पान पाहिलं. नावे चार हजार नऊशे, तारीख बारा वर्षांपूर्वीची, आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात, ‘पोरीचं लग्न. दिवाळीला बघू.’ त्यानंतर कलम नाही. दर वर्षी नव्या वहीत तुम्ही ते खातं उतरवलंय, आकडा तोच, समासातली ओळही तशीच. व्याज नाही, तगादा नाही.

मामा : ते कुणाचं खातं आहे ते तुला माहीत आहे.

भाचा : माहीत आहे. तो माणूस गेला त्याला दहा वर्षं झाली. त्याची बायको अजून तुमच्याकडूनच बियाणं नेते, रोखीनं. तिला ही बाकी ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. तुम्ही चार हजार नऊशे भरलेत तर दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या फोनवर मेसेज जाईल, कारण ॲप तसंच बांधलेलं असतं. शून्य भरलंत तर तुम्ही ती बाकी सोडून दिली. मग तशी आणखी शंभर पानं आहेत, ती का सोडली नाहीत हे तुम्हाला स्वतःला सांगावं लागेल. वहीनं तुम्हाला बारा वर्षं हे न ठरवता राहू दिलं. तुम्ही मागत नव्हता आणि सोडतही नव्हता, आणि त्या दोहोंच्या मधे ती बाई मान वर करून दुकानात येत होती.

मामा : सोडलं असं मी कधी म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं तर ते तिच्यावर उपकार झाले असते. नवऱ्याचं देणं लोकानं फेडलं असं तिला वाटलं असतं, आणि ती दुसऱ्या दुकानात गेली असती. आणि खातं बंद करून टाकलं असतं तर तो माणूस माझ्या वहीतून पुसला गेला असता. वीस वर्षं माझ्याकडे यायचा. पण तुझं हेही खरं की मी तिला कधी विचारलं नाही. बारा वर्षं वही माझ्याकडे आणि उत्तरही माझंच. आता मी पासबुकाच्या गोष्टी सांगतोय, तर मग तिलाही तिचं पान वाचून दाखवायला नको?

भाचा : वाचून दाखवलंत तर ती पैसे आणून देईल. ती तशीच आहे.

मामा : देईल. म्हणूनच तर. सहाशेतली बाकीची पानं मी उद्यापासून वाचायला घेतो. चिंचवणपासून सुरुवात करू, तू लॅपटॉप घेऊन ये, मी वही घेतो. आकडा दोघांनी मिळून भरायचा. त्या पानाला मी सुतळीचा तुकडा घालून ठेवलाय.

भाचा : आणि मार्च अखेरीस?

मामा : मार्च अखेरीस अजून ते एकच पान राहिलेलं असेल. तोवर तिची पेरणीची तयारी सुरू झालेली असते, ती तशीही दुकानात येतेच.